खरा अभिनय

रशियन नटवर्य कॉन्स्टंटिन स्टानिस्लाव्हस्की (१८६३–१९३८) यांच्या, १९३६ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झालेल्या ‘ॲन ॲक्टर प्रिपेअर्स’ या ग्रंथांत एक बोधप्रद प्रसंग आहे. एका विद्यार्थिनीस पडद्यांत खोंवलेली रत्नजडित पिन शोधावयास सांगितलें. ती विकून शाळेची फी भरावयाची, अशी कल्पना होती. ती सैरावैरा धांवली, तिनें उसासे टाकले. ‘पिन कोठें आहे?’ असें गुरूंनीं विचारतांच ती चपापली. शोधावयाचें ती विसरलीच होती! मग, पिन न सांपडल्यास शाळा सोडावी लागेल, असें तिला बजावलें. तेव्हां ती पडद्याची घडी न् घडी निरखूं लागली आणि तिची व्याकुळता पाहणारांस आपोआप जाणवली.

तात्पर्य, भावना बळेंच आणतां येत नाहीं. ती कृतीमागून येते. म्हणून आपलें पात्र कोण, कोठें आहे, त्यास काय हवें व आड काय येतें, हें नटानें प्रथम समजून घ्यावें. नंतर ‘मी या स्थितींत असतों तर काय केलें असतें?’ असें स्वतःस विचारावें. हा ‘तर’ म्हणजे स्टानिस्लाव्हस्कींच्या मतें कल्पनासृष्टींत उचलून नेणारी तरफच होय.

विद्यार्थिमित्रहो, स्नेहसंमेलनांत पहारेकऱ्याचें लहानसें काम वांट्यास आलें, तरी दाराबाहेरची चाहूल खरोखर कान देऊन ऐका. प्रेक्षकही तुमच्यासवें ऐकूं लागतील.