फेलोशिप बंद होणार? बातमी, आदेश आणि बँक खातं यांतला फरक ओळखा

मी डोंबिवलीत राहतो आणि मुंबईत पीएचडी करतो. ‘संशोधनाचा निधी कापणार’ असं नोटिफिकेशन आलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण फेलोशिप हाच आमचा पगार. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० रुपये झाली. भाडं, लोकलचा पास, घरी द्यायचे पैसे, सगळं त्यातूनच. ही भीती पूर्ण जात नाही, पण आटोक्यात ठेवता येते. कशी ते बघूया.

आधी टप्पा ओळखा

निधीचे तीन टप्पे असतात: घोषणा, लेखी आदेश आणि खात्यात जमा होणारी रक्कम. फोन मात्र तिन्ही वेळा सारखाच वाजतो.

घोषणा: डिसेंबर २०२२ मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद केल्याचं सरकारने लोकसभेत सांगितलं. नवीन निवड थांबली, पण आधीच निवड झालेल्यांना मुदत संपेपर्यंत पैसे देण्याचं ठरलं. बातमी एकच, पण अर्ज करू पाहणाऱ्यासाठी तिचा अर्थ वेगळा आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी वेगळा.

आदेश: अमेरिकेत २७ जानेवारी २०२५ ला सरकारी अनुदानं थांबवण्याचा आदेश निघाला आणि २९ तारखेला मागे घेतला गेला. पुढच्या महिन्यांत मात्र अनेक प्रकल्पांची अनुदानं खरोखर रद्द झाली. म्हणून ‘माझ्या अनुदानाचं पत्र काय म्हणतं?’ हा प्रश्न आधी विचारायचा.

खातं: मार्च २०१९ मध्ये मुंबईच्या टीआयएफआरमध्ये निधी अपुरा असल्यामुळे कर्मचाऱ्यांना फेब्रुवारीचा पगार आधी निम्माच मिळाला. योजना चालू असली तरी पैसे अडकू शकतात.

टप्प्यानुसार काय करायचं?

- फक्त घोषणा असेल तर मूळ आदेश येईपर्यंत मोठा निर्णय घेऊ नका.
- आदेश आला तर तो कोणाला आणि कोणत्या तारखेपासून लागू आहे, हे गाईडसोबत बसून वाचा.
- पैसे अडकले तर ईमेल पाठवा, त्याची प्रत ठेवा. उत्तर नाही आलं तर केंद्राच्या संस्थांसाठी ऑनलाइन आरटीआय करता येतो. फी १० रुपये, उत्तराची मुदत साधारण ३० दिवस.

फोनची सेटिंग

न्यूज अ‍ॅपची नोटिफिकेशन्स बंद करा. पीएचडीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट करा, सोडू नका, कारण कामाची माहितीही तिथेच येते. फेलोशिप देणाऱ्या संस्थेची अधिकृत वेबसाइट बुकमार्क करा आणि दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी बघा. झोपण्याआधी तर नकोच.

मनाचं काय?

निधी कापला म्हणजे तुमचं काम कमी दर्जाचं आहे, असं होत नाही. तो निर्णय तुमचा प्रबंध वाचून घेतलेला नसतो. पण रोज तसंच वाटायला लागतं. म्हणून एक आकडा घरी सांगून ठेवा: पैसे थांबले तर आपण किती महिने काढू शकतो? आई-बाबांना खरं कळलं की ‘सगळं ठीक आहे’ हे नाटक तरी थांबतं. हेच प्रश्न लॅबमधल्या ज्युनिअरलाही विचारा. लाजेपोटी तो गप्प असू शकतो.

एकत्र बोलल्यानेही बळ येतं. ९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईसह देशातल्या अनेक शहरांत शास्त्रज्ञ आणि विद्यार्थी मोर्चात उतरले. संशोधनावर जीडीपीच्या किमान ३ टक्के खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. ती अजून पूर्ण झालेली नाही, पण काळजी आपल्या एकट्याची नाही हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

झोप उडाली, जेवण जात नाही किंवा जगणं नको वाटतंय, तर थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. आत्ताच सेव्ह करा आणि तुमच्या लॅबच्या ग्रुपवरही टाका.