उकळलं म्हणजे उतरलं, असं नाही

गवती चहाची पाती पातेल्यात टाकायची आणि खळखळ उकळत ठेवायची, ही घरोघरची रीत. जेवढं उकळेल तेवढा अर्क उतरेल, असा त्यामागचा हिशेब. स्वयंपाकघरात वास दरवळला की आपण खूश होतो. पण घरभर पसरलेला तो वास कपातूनच गेलेला असतो. गवती चहाचा सुवास मुख्यतः सिट्रल या द्रव्याचा. ते लिंबाच्या सालीतही असतं आणि वाफेबरोबर उडून जातं. तुळस, पुदिना, गुलाब यांचं सुगंधी तेलही तसंच. म्हणून पाण्याला उकळी आली की गॅस बंद करायचा, कात्रीने कापलेली पाती टाकायची आणि लगेच झाकण घालायचं. ८-१० मिनिटांनी झाकण उचलून आतून धरलेल्या थेंबांचा वास घेऊन बघा. ते थेंब पातेल्यातच झटकायचे, सिंकमध्ये नाही.

आलं, सुंठ, दालचिनी यांना मात्र उकळी हवीच. कठीण मुळं आणि साली नुसत्या गरम पाण्याला दाद देत नाहीत.

फुलापानांचं असं पाणी करणं म्हणजे कॅफेतलं परदेशी फॅड, असं बरेच जण समजतात. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात मात्र याच्या कृती वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. क्वाथ म्हणजे काढा: औषधाच्या १६ पट पाणी घेऊन आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. फांटासाठी ४ पट गरम पाण्यात औषध भिजवून गाळायचं. हिमासाठी ६ पट गार पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी गाळायचं. ही प्रमाणं औषधाची. रोजच्या पिण्याला एवढं दाट लागत नाही. उन्हाळ्यात रात्री धने भिजत घालून सकाळी खडीसाखरेबरोबर ते पाणी देणारी आजी हिमच करत होती. माठात वाळ्याची पुरचुंडी सोडणंही त्याच जातीचं. आपण सरसकट सगळ्याला काढा म्हणायला लागलो आणि बाकीच्या दोन कृतींची नावंही विसरलो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘हिबिस्कस टी’ म्हणजे जास्वंदीचा चहा, हा तर फारच पसरलेला गैरसमज. अंगणातली जास्वंद वाळवून लोक करून बघतात आणि तो आंबटपणा येत नाही म्हणून हिरमुसतात. बाजारातला तो लालभडक चहा लाल अंबाडीचा असतो. जास्वंदीच्याच कुळातली, पण वेगळी वनस्पती. वाळवतात त्या पाकळ्याही नव्हेत. फूल गळल्यावर बोंडाभोवती उरणारी लाल, मांसल दळं वापरतात. विदर्भात याच अंबाडीचं सरबत आणि चटणी करतात. बोंड सोलून आतला बियांचा गोळा काढायचा आणि लाल भाग उन्हात खडखडीत वाळवायचा. भिजवायचं ते स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात. आंबट पाणी तांब्यात किंवा कल्हई नसलेल्या पितळेत ठेवू नये.

गोकर्णीच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळल्यावर ते जांभळं झालं, की ‘काहीतरी मिसळलंय’ अशी शंका घेतात. मिसळलेलं काही नसतं. फुलातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आंबटात रंग बदलतं. ५-६ ताजी फुलं काचेच्या पेल्यात भिजवून मुलांसमोर लिंबाचे थेंब टाका. निळ्यातून जांभळी रेघ खाली उतरताना दिसते.

‘झाडाचंच आहे, अपाय काय होणार?’ हा समज मात्र धोक्याचा. कण्हेर आणि पिवळी बिट्टी दोन्ही विषारी. त्यांचं विष थेट हृदयावर जातं. ज्येष्ठमध भरपूर प्रमाणात रोज घेत राहिलं तर रक्तदाब वाढतो, शरीरातलं पोटॅशियम घटतं. रक्तदाबाच्या रुग्णांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

आणि देवाच्या फुलपुडीतला किंवा बुकेतला गुलाब कपात घालू नका. ती फुलं खाण्यासाठी पिकवलेली नसतात, त्यांवर कीटकनाशकं मारलेली असू शकतात. कुंडीतल्या न फवारलेल्या गावठी गुलाबाच्या दोन फुलांच्या पाकळ्या एका कपाला पुरतात.