लेखनप्रकल्पातील संचिकांची मांडणी

लेखनप्रकल्पातील संचिकांची मांडणी म्हणजे ग्रंथ, कोश किंवा प्रबंध यांसारख्या दीर्घ लेखनातील साधने, टिपणे व मसुदे यांना निश्चित नावे वा क्रमांक देऊन ठरावीक क्रमाने ठेवण्याची पद्धत होय. मजकूर त्वरित सापडावा, त्याचा अचूक संदर्भ देता यावा आणि मूळ लेखकाच्या पश्चातही काम पुढे नेता यावे, हे तिचे हेतू आहेत.

पूर्वपीठिका

जुन्या दप्तरांत कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवत. अशा गठ्ठ्यास रुमाल म्हणतात. हस्तलिखितांच्या वहीवजा संग्रहास बाड ही संज्ञा आहे. रुमालाच्या वा बाडाच्या क्रमांकावरून कागद कोठे आहे ते कळते. तथापि एकेका कागदाची ओळख पटण्यास स्वतंत्र क्रमांक लागतो. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या २२ खंडांच्या मालेत (पहिला खंड १८९८) छापील कागदांना ‘लेखांक’ दिलेले आहेत. त्यामुळे खंड व लेखांक एवढ्यावरून अभ्यासकांना मूळ पत्र गाठता येते.

राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले. त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांचा ‘धातुकोश’ मंडळाने १९३७ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध केला.

संगणकीय संचिका

संगणकावर संचिकेचे नाव हेच बहुधा तिच्या क्रमाचे साधन असते. नावे देताना पुढील बाबी पाळल्या जातात :

* दिनांक : वर्ष-महिना-दिवस (आयएसओ ८६०१) असा लिहिल्यास नावांचा क्रम व काळाचा क्रम एकच राहतो. तिरकी रेघ विंडोज प्रणालीत नावात चालत नाही.
* शून्य : केवळ अक्षरक्रम पाहणाऱ्या प्रणालीत ‘१०’ हे ‘२’च्या आधी येते, म्हणून ‘०२’ असे लिहितात.
* आवृत्ती : ‘अंतिम’, ‘नवीन अंतिम’ अशा शब्दांऐवजी क्रमांक देतात.

उदाहरणार्थ, जळगाव जिल्ह्यातील केळीच्या शेतीवरील प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा दुसरा मसुदा ‘०३-सिंचन-२०२४-०३-०७-आ०२’ या नावाने ठेवता येतो.

मर्यादा

युनिकोडमध्ये ‘ळ’चे स्थान ‘ल’नंतर व ‘व’पूर्वी आहे, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. त्यामुळे देवनागरी नावांचा क्रम कोशातील क्रमाशी नेहमी जुळत नाही. शिवाय संक्षेपांचा अर्थ नावातून उलगडत नाही. यासाठी सर्व नावांचा खुलासा देणारी सूची संचिकांसोबतच ठेवली जाते.

हेही पहा

* विश्वनाथ काशिनाथ राजवाडे
* मोडी लिपी
* युनिकोड