वार्धक्य आणि मूत्रपिंडें

हृदयाची धडधड आपणांस ऐकूं येते, धांवल्यावर दम लागला म्हणजे फुप्फुसांची आठवण होते. परंतु पाठीच्या कण्याच्या दोहों बाजूंस असलेलीं मूत्रपिंडें आपल्या कार्याची वाच्यता कधींच करीत नाहींत. मूळ इब्री स्तोत्रसंहितेंत मनुष्याच्या अंतर्यामासाठीं जो एक शब्द येतो, त्याचा शब्दशः अर्थ मूत्रपिंडें असाच आहे! इतक्या आंत दडलेल्या ह्या इंद्रियांवर वार्धक्याचा परिणामहि असाच निमूटपणें होत असतो.

प्रत्येक मूत्रपिंडांत सरासरीनें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा एक गुंतवळा, त्याच्याभोंवतीं एक वाटी व तिच्यापासून निघालेली लांब नळी. तरुण मनुष्याच्या रक्तांतून दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर पाणी ह्या वाट्यांत उतरतें. नळ्या त्यांतील बहुतेक सर्व परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर तेवढें मूत्ररूपानें बाहेर पडतें. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बालकाच्या सर्व गाळण्या जन्मापूर्वींच तयार झालेल्या असतात. पुढें आयुष्यभर नवी एकहि उत्पन्न होत नाहीं. ह्या भांडवलांत केवळ खर्चाची बाजू आहे.

तो खर्च चाळिशीच्या सुमारास दिसूं लागतो. कांहीं गुंतवळे कठीण होऊन बंद पडतात. तरुणपणीं मिनिटास १०० ते १२० मिलिलिटर असणारा गाळण्याचा वेग मग दरवर्षीं सरासरीनें एक मिलिलिटरच्या आसपास उतरतो. मात्र सर्वांची गत सारखी नसते. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें त्याच त्याच मंडळींची वर्षानुवर्षें तपासणी करण्यांत आली; १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें त्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश लोकांत ही घट आढळलीच नाहीं. उलट रक्तदाब व मधुमेह ह्यांमुळें ती फार झपाट्यानें होते.

येथें एक फसगत संभवते. रक्तांतील क्रिएटिनिन नामक द्रव्य मोजून मूत्रपिंडांची परीक्षा करितात. हें द्रव्य स्नायूंपासून निघतें. वृद्धाचे स्नायूच रोडावलेले असल्यामुळें तें मुळांतच कमी निघतें, आणि गाळण्याचा वेग निम्म्यावर आला तरी आंकडा जवळजवळ निर्दोष दिसूं शकतो. म्हणून वैद्य त्या आंकड्याबरोबर वयाचाहि हिशेब करितात. औषधाची जी मात्रा मुलास मानवते, तीच त्याच्या वडिलांच्या शरीरांत सांचून राहून अपाय करूं शकते, ती ह्याच कारणानें.

आजोबा रात्रीं दोन-तीनदां उठतात, त्यालाहि अनेक कारणांपैकीं एक कारण हेंच असतें: पाणी राखून मूत्र घट्ट करण्याची नळ्यांची शक्ति मंदावलेली असते. त्यांतच म्हातारपणीं तहान कमी लागते. वैशाखाच्या उन्हांत किंवा जुलाब झाले असतां तरुण सहज निभावून नेतो; वृद्धाचें पाणी मात्र जातें आणि मागितलेंहि जात नाहीं. अशा वेळीं गुडघेदुखीसाठीं घेतलेली वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी आकुंचित करिते, व धडधाकट दिसणारा मनुष्य दोन दिवसांत अत्यवस्थ होऊं शकतो. घरांतील मुलांनीं तांब्या-भांडें वृद्धांच्या हाताशीं ठेवून अधूनमधून विचारावें. हृदयविकारामुळें ज्यांना पाण्याचें माप ठरवून दिलें आहे, त्यांच्या बाबतींत मात्र डॉक्टरांचेंच ऐकावें.