कुमारांचे कादंबरीकार : भा. रा. भागवत

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत वाचनाचा एक बिकट प्रश्न उभा राहतो. काऊ-चिऊच्या गोष्टी मुलांना आता पोरकट वाटू लागतात आणि प्रौढांच्या कादंबऱ्या अद्याप पेलत नाहीत. पुष्कळांच्या हातचे पुस्तक याच वयात सुटते, ते कायमचेच. मराठीत या वयासाठी ज्यांनी जन्मभर लेखणी झिजविली, त्यांत भास्कर रामचंद्र भागवत यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

भागवतांचा जन्म ३१ मे १९१० रोजी इंदूर येथे झाला. आकाशवाणीतील नोकरी व स्वातंत्र्यचळवळीतील सहभाग यांनंतर ते मुलांच्या 'बालमित्र' मासिकाचे संपादक झाले. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही बालसाहित्याच्या लेखिका होत्या. मुलांचे मासिक चालविणे हा आतबट्ट्याचा व्यवहार. कारण वाचणारा एक आणि वर्गणी भरणारा दुसरा असतो. संपादकाला मात्र त्यातून एक शिक्षण मिळते. मूल कोठे रमते आणि कोठे पान उलटते, हे त्याला महिन्याच्या महिन्याला कळते.

ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या कादंबऱ्या भागवतांनी मराठीत आणल्या. त्यांपैकी 'चंद्रावर स्वारी'ची मूळ कादंबरी १८६५ सालची. तीत नऊशे फूट लांबीच्या तोफेतून माणसे चंद्राकडे सोडली जातात. अशा धक्क्याने आतील माणसे वाचतील काय, असा प्रश्न वर्गात टाकून पाहावा. उत्तर नकारार्थीच आहे. पण तेथवर पोहोचताना मुले वेग व गती यांविषयी जो वाद घालतील, तो विज्ञानाच्या तासाला सहसा ऐकू येत नाही.

भागवतांची सर्वांत प्रिय निर्मिती म्हणजे बनेश उर्फ फास्टर फेणे. हा किडकिडीत, चपळ मुलगा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. शिकतो पुण्याच्या विद्याभवनात. जिभेने 'ट्टॉक्' असा आवाज काढण्याची त्याची खोड प्रसिद्धच आहे. संकटे त्याला शोधीत येतात व तो प्रतापगडापासून गुलमर्गपर्यंत त्यांचा पाठलाग करतो. खेड्यातला मुलगा शहरात जाऊन कोणाचीही नक्कल न करता नायक होतो, ही गोष्ट ग्रामीण शाळेतील मुलाला निराळीच जाणवते. उपदेश येथे जवळजवळ नाही. भाषा मात्र खेळकर, संवाद चटपटीत आणि वाक्ये आखूड. त्यामुळे अडखळत वाचणाराही पुढे सरकतो.

या मालिकेची वीस पुस्तके झाली. २७ ऑक्टोबर २००१ रोजी भागवत निवर्तले. त्यानंतरही फेणे विसरला गेला नाही. २०१७ मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपट निघाला.

शाळेच्या ग्रंथपेटीत यांतील एखादे पुस्तक असल्यास ते कुलपात ठेवू नये. एक प्रकरण मोठ्याने वाचावे, ऐन रंगात आले असता थांबावे आणि पुस्तक टेबलावर तसेच उघडे ठेवून द्यावे.