खापराचे वय आणि मूळ गाव

कान्हे परिसरातील इंद्रायणीच्या खोऱ्यात, जिथे कार्ले-भाजे लेण्यांमुळे सातवाहन काळाची आठवण आधी होते, एखादे खापर हाती आल्यास त्याच्या रंगापेक्षा काठाची घडण आणि भाजणी अधिक बोलकी ठरते. इनामगावच्या उत्खननात मिळालेली ताम्रपाषाणयुगीन जोर्वे भांडी, म्हणजे इ. स. पू. सुमारे १४०० ते ७०० या काळातील काळ्या नक्षीची तांबडी भांडी, इतकी कडक भाजलेली असतात की टिचकी मारताच खणखणतात. उलट काळी-तांबडी भांडी भट्टीत पालथी भाजल्यामुळे आतून काळी राहतात, पण ती अनेक शतके प्रचलित असल्याने केवळ त्यांवरून काळ ठरवणे धाडसाचे.

मूळ ठिकाण मातीतील कण सांगतात. नेवाशाला मिळालेल्या रोमन मद्यकुंभांसारख्या काही कुंभांच्या मातीत नेपल्सकडील ज्वालामुखीजन्य काळे कण असतात. मात्र सह्याद्रीचा काळा पाषाणही ज्वालामुखीजन्यच असल्याने खापराचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. वय ठरवताना, शेवटच्या भाजणीपासून खनिजकणांत साठलेली ऊर्जा प्रकाशरूपाने मोजणाऱ्या तापदीप्ती पद्धतीला भोवतालच्या मातीचा नमुनाही लागतो, आणि हौशी संग्राहक नेमकी तीच माती आधी धुऊन टाकतात.