कुत्र्या-मांजरांचं पोट बिघडलं की प्रोबायोटिक द्यावं का? दहीभात पुरेसा असतो का?

कुत्र्याला जुलाब सुरू झाले की दहीभात घालायचा, हा आपल्याकडचा जुना उपाय. आता त्याच्या जोडीला पेट शॉपच्या काउंटरवर प्रोबायोटिकच्या पुड्या, गोळ्या आणि पेस्टच्या ट्यूब आल्या आहेत. 'पचन सुधारतं', 'प्रतिकारशक्ती वाढते', 'केस चमकतात' असं बरंच काही पाकिटावर छापलेलं असतं.

यातलं खरं किती? आणि पुडी देऊन दोन दिवस वाट पाहणं कधी महागात पडतं?

प्रोबायोटिक म्हणजे नेमकं काय?

जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये याची व्याख्या केली. पुरेशा प्रमाणात दिल्यावर शरीराला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. यातले 'जिवंत' आणि 'पुरेशा' हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे. प्रीबायोटिक हा वेगळा प्रकार. तो म्हणजे या सूक्ष्मजीवांचं खाद्य, मुख्यतः तंतुमय पदार्थ.

कुत्र्या-मांजरांच्या आतड्यात मुळातच असंख्य जीवाणू राहतात. ते तंतुमय पदार्थ आंबवून आतड्याच्या पेशींना लागणारी आम्लं तयार करतात आणि रोगकारक जीवाणूंना जागा मिळू देत नाहीत. काही जीवाणू पित्तातल्या आम्लांचं रूप बदलतात. ही बदललेली आम्लं क्लॉस्ट्रिडियमसारख्या त्रासदायक जीवाणूंना आवर घालतात.

पण माणसाचा हिशोब इथे जसाच्या तसा लावता येत नाही. फ्यूजोबॅक्टेरिया या गटाचंच बघा. माणसांमध्ये या गटातल्या काही जीवाणूंचा संबंध मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी जोडला जातो. निरोगी कुत्र्यांच्या आतड्यात मात्र हाच गट भरपूर सापडतो.

आणखी एक गैरसमज म्हणजे पुडीतले जीवाणू आतड्यात जाऊन कायमचा संसार थाटतात. तसं सहसा होत नाही. ते वाटेत आपलं काम करतात आणि देणं बंद केल्यावर काही दिवसांत विष्ठेतून निघून जातात.

अभ्यासांत काय दिसलं?

प्राण्यांसाठीच्या उत्पादनांत एंटेरोकॉकस फेसियम या जीवाणूचा एसएफ६८ हा प्रकार बराच वापरला जातो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तो प्राण्यांच्या निवारागृहातल्या २१७ मांजरांवर आणि १८२ कुत्र्यांवर तपासला गेला. दोन किंवा जास्त दिवस जुलाब झालेल्या मांजरांचं प्रमाण प्रोबायोटिक मिळालेल्या गटात ७.४ टक्के होतं, तर नुसती दिखाऊ पुडी मिळालेल्या गटात २०.७ टक्के. फरक चांगलाच आहे. कुत्र्यांमध्ये मात्र दोन गटांत फरक दिसला नाही. अर्थात मुळात जुलाबच फार थोड्या कुत्र्यांना झाले होते, त्यामुळे 'कुत्र्यांना उपयोग नाही' असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

कुत्र्यांबद्दलचा जास्त बोलका अभ्यास २०१९ चा आहे. अचानक जुलाब सुरू झालेल्या ६० कुत्र्यांचे तीन गट केले गेले. एकाला प्रोबायोटिक, दुसऱ्याला मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक, तिसऱ्याला दिखाऊ औषध. शी पूर्ववत व्हायला सरासरी अनुक्रमे ३.५, ४.६ आणि ४.८ दिवस लागले. आकड्यांत प्रोबायोटिक पुढे दिसतं, पण हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान होता.

मला यातला तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काहीही न देता कुत्री पाचेक दिवसांत बरी झाली. म्हणजे 'पुडी दिली आणि तिसऱ्या दिवशी बरा झाला' हा अनुभव खरा असला, तरी श्रेय पुडीचंच असेल असं नाही.

दुसरा आकडाही विसरू नका. साध्या जुलाबांवर मेट्रोनिडाझोलची अर्धी गोळी देऊन टाकायची सवय अनेक घरांत आहे. या अभ्यासात ते औषध काहीच न देण्यापेक्षा फारसं वेगळं ठरलं नाही. निरोगी कुत्र्यांना ते दिल्यावर आतड्यातले उपयोगी जीवाणू घटतात आणि काहींमध्ये औषध थांबवून चार आठवडे झाले तरी पूर्ववत होत नाहीत, हेही दिसून आलं आहे. सौम्य आणि मध्यम स्वरूपाच्या अचानक झालेल्या जुलाबांत कुत्र्यांना प्रतिजैविकं देऊ नयेत, असं २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

जुलाब तीन आठवड्यांहून जास्त चालले असतील तर गोष्ट वेगळी. तिथे आधी जंत, आहार आणि इतर आजार तपासावे लागतात. प्रोबायोटिक त्या उपचारांच्या जोडीला असतं, त्यांच्या जागी नाही.

मग दहीभाताचं काय?

साधं, बिनसाखरेचं, घरचं दही बहुतेक मोठ्या कुत्र्यांना थोड्या प्रमाणात चालतं. विरजण लागताना दुधातली काही साखर जीवाणू संपवतात, म्हणून दुधापेक्षा दही बरं. तरीही काहींना ते सोसत नाही आणि जुलाब वाढतात. शिवाय दह्यात कोणते जीवाणू किती आहेत, हे वाटीगणिक बदलतं. थोडक्यात, दहीभात हा पचायला हलका आहार आहे. त्याला प्रोबायोटिकचा डोस समजू नका.

फोडणीचा दहीभात किंवा मसाला ताक मात्र नको. कांदा आणि लसूण यांमुळे कुत्र्या-मांजरांच्या लाल रक्तपेशी फुटतात, मांजरांच्या तर जास्तच. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. तिला सलग काही दिवस दहीभातावर ठेवणं योग्य नाही.

माणसांची प्रोबायोटिक कुत्र्याला देण्याआधी घटक नीट वाचा. गोड, चघळायच्या गोळ्यांमध्ये झायलिटॉल असू शकतं. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली येते आणि यकृत निकामी होऊ शकतं.

पाकीट कसं वाचायचं?

इथे 'जिवंत' आणि 'पुरेशा' हे शब्द परत येतात. कॅनडात २०११ मध्ये बाजारातल्या २५ प्रोबायोटिक उत्पादनांची तपासणी झाली. जीवाणूंचा ठरावीक आकडा छापणाऱ्या १५ उत्पादनांपैकी फक्त चार उत्पादनं त्या आकड्याला उतरली.

म्हणून नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलेलं पुरेसं नाही, त्यापुढे नेमक्या प्रकाराचं नाव किंवा क्रमांक हवा. जिवंत जीवाणूंची संख्या सीएफयू या एककात दिलेली असावी आणि ती मुदत संपेपर्यंत टिकेल असं म्हटलेलं असावं. कारखान्यातून निघतानाचा आकडा आपल्या काय कामाचा? उष्णता आणि दमट हवा यांनी जीवाणू मरतात. त्यामुळे मे महिन्यात उन्हात तापलेल्या दुकानातून घेतलेल्या पाकिटाचा भरवसा कमीच. पुडी गरम जेवणात मिसळू नका. प्रतिजैविक चालू असेल तर दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर ठेवा. सॅकरोमायसिस बोलार्डी ही यीस्ट आहे, जीवाणू नाही, त्यामुळे प्रतिजैविकाने ती मरत नाही.

कधी वाट पाहू नये?

मोठा, लसीकरण झालेला कुत्रा खेळतोय, पाणी पितोय, उलट्या नाहीत आणि शी फक्त पातळ आहे, तर एक-दोन दिवस हलका आहार आणि प्रोबायोटिक देऊन बघायला हरकत नाही.

पिल्लाच्या बाबतीत ही मुभा घेऊ नका. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू मलूल झालं, खाणं सोडलं, उलट्या आणि दुर्गंधीयुक्त किंवा रक्ताची शी सुरू झाली, तर आधी पार्व्होचा संशय घ्यायला हवा. हा विषाणू आतड्याच्या अस्तरावर आणि पांढऱ्या पेशींवर एकाच वेळी हल्ला करतो. तोंडाने दिलेलं काही पोटात टिकत नाही, तेव्हा सलाइनशिवाय पर्याय नसतो. त्याच दिवशी दवाखाना गाठला तर बरीच पिल्लं वाचतात. दही आणि पुडीत गेलेले दोन दिवस त्यांना परवडत नाहीत. कोणत्याही वयात रक्ताची किंवा डांबरासारखी काळी शी, सतत उलट्या, कोरड्या पडलेल्या हिरड्या दिसल्या तरी थेट पशुवैद्याकडे जा.

मांजरांच्या बाबतीत खाण्यावर लक्ष ठेवा. मांजर सलग काही दिवस उपाशी राहिली, विशेषतः ती जाड असेल, तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. जुलाब थांबलेले असले तरी तिने २४ तासांत बशीला तोंड लावलं नसेल, तर पशुवैद्यांना फोन करा.